पाच नंबरचा दगड

शुक्रवार, ३ एप्रिल १९८७

किल्ली हातात पडली! लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत नर्सेसच्या खोल्या झाल्या, भाड्याची खुराडी झाली, घरमालकिणीच्या डोक्यावरची माळ्याची खोलीही झाली. आज पहिल्यांदाच दाराला आतून कडी लावली आणि ती कडी माझी होती. माझा नवरा रोली जन्मभर पोस्टमन. लोकांच्या दारात पत्रं टाकून त्याचे गुडघे झिजले. आता म्हणतो, स्वतःच्या पायपुसण्यावर पत्र पडलेलं बघायचंय, विजेचं बिल असलं तरी चालेल.

लिंचेट क्लोज म्हणजे आठ घरांची आंधळी गल्ली. ज्या तोंडाने आत जायचं त्याच तोंडाने बाहेर यायचं. मागे शेतं. आमचं घर पाच नंबर. पुढे गुलाबाची चार खोडं, मागे हिरवळ आणि टोकाला लाकडी कुंपण. घर पाहावं बांधून म्हणतात, पण मी म्हणते, विकत घेऊन पाहावं. आठ महिने वकील दलालाकडे बोट दाखवत होता आणि दलाल वकिलाकडे. केस होते तेवढे पांढरे झाले.

किटली मी गाडीत मांडीवर घेऊन बसले होते. सामान उतरायच्या आत चहा झाला नाही तर ते घर आपलं होत नाही, असं माझी आई म्हणायची. पहिला कप ओतते न ओतते तोच एक नंबरच्या बेरिल ऑस्गुड केक घेऊन आल्या. सत्तरीची विधवा, गुलाबी गाल, गळ्यात मोत्यांचा सर. बशीच्या खाली चिकटपट्टीवर त्यांचं नाव होतं. म्हणजे बशी परत करायला जाणं आलं. हुशार बाई.

मी फार सुखात आहे. एवढंच लिहायला ही वही घेतली.

रविवार, ५ एप्रिल

जेवणानंतर रोलीने घराचे जुने कागद न्यायाधीशाच्या आवाजात वाचून दाखवले. १८६०च्या सुमाराची कलमं आहेत. घरात डुकरं पाळू नयेत. मेणबत्त्या बनवू नयेत. रविवारी पुढच्या अंगणात कपडे वाळत घालू नयेत. सातवं कलम असं की प्रत्येक घरमालकाने आपल्या भागातला हद्दीचा दगड जागच्या जागी ठेवावा आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी शेजाऱ्यांबरोबर हद्द झोडायला यावं. हद्द झोडणं लहानपणी आमच्या गावातही होतं. पाद्री पुढे, मागे काठ्या घेतलेली माणसं, दगडांवर सपासप मारायचं आणि शेवटी बिअर. वकिलाने समासात लिहिलंय, ‘जुनाट बाब, मनावर घेऊ नये.’ आम्ही घेतली नाही.

दगड मागच्या हिरवळीच्या बरोबर मध्ये आहे. गुडघ्याएवढा. डोकं झिजून गुळगुळीत झालेलं आणि त्यात उथळ खळगा. रोलीने त्यात चहाचा मग ठेवून बघितला. छान बसला. गवत कापायचं यंत्र मात्र त्याला तीनदा अडलं आणि रोलीने तीनदा पोस्टमनच्या तोंडी शोभतील असे शब्द काढले.

रविवार, १२ एप्रिल

बशी परत करायला गेलो ते चहाला बसलो. बेरिलबाईंकडे शेजारचे कीबलही होते, चार नंबरचे. डेस्मंड कीबल रेल्वेत सिग्नलवर होते. बोलतात असे की पलीकडच्या फलाटावर ऐकू जावं. त्यांची बायको नोरा तोंडातून अक्षर काढत नाही. मी सत्तावीस वर्षं नर्स होते. माणूस दिसला की मला आधी त्याची हाडं दिसतात. नोराचा जबडा कधीतरी तीन ठिकाणी मोडलाय आणि वाकडा जुळलाय. बिस्कीट ती चहात बुडवून मऊ करते आणि उजव्या दाढेनेच खाते. अपघात झाला होता का, असं विचारावंसं वाटलं. पण पहिल्याच भेटीत कुणाच्या जबड्याबद्दल विचारायचं कसं?

बेरिलबाईंनी विचारलं, यंदा हद्द झोडायला याल ना? आम्ही म्हणालो, हो, अगदी आनंदाने. दुसरं काय म्हणणार? हातात त्यांचाच केक होता. मग त्या म्हणाल्या, दगडाचा त्रास नाही ना होत? रोली म्हणाला, छे, छान आहे, शोभतो. घरी येताना मला म्हणाला, येत्या शनिवारी उपटतो त्या रांडेच्याला.

शनिवार, १८ एप्रिल

उपटला. पहार, दोरी आणि चार तास शिव्या. आता तो कोपऱ्यात आहे, त्याच्याभोवती रोली फुलझाडांचा खडकाळ वाफा करणार आहे. हिरवळीवर सरळ पट्टे पडले, एक फिकट आणि एक गडद, कुठे वळण नाही. नवऱ्याचं एवढं तृप्त तोंड मी आमच्या लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

खड्ड्यात दात निघाले. माणसांचे, मूठभर. रोलीला वाटलं की जुन्या काळी इथे कुणी दातांचा वैद्य असेल. मी धुऊन पाहिले. चिमट्याने काढलेल्या दाताचं मूळ शाबूत असतं. हे सगळे मुळाशी तुटलेले होते, तोंडावर मारून पाडल्यासारखे. मी ते मुरंब्याच्या बरणीत घालून बरणी शेडमध्ये ठेवली. रोलीला काही बोलले नाही. बिचाऱ्याचा दिवस चांगला गेला होता.

कीबल कुंपणावरून बघत होते. एरवी भोंग्यासारखा बोलणारा माणूस अगदी हळू म्हणाला, असं करायला नको होतं. मग आत गेले आणि त्यांनी पडदे ओढून घेतले. दुपारचे दोन वाजले होते.

मंगळवार, २१ एप्रिल

दगड होता त्या जागी सकाळी एक कबुतर पडलेलं. रक्त नाही, पीस विस्कटलेलं नाही. उचललं तर मोजे भरलेल्या पिशवीसारखं लोंबलं. आतलं एकही हाड शाबूत नव्हतं. काल हेजहॉग होता, तो काट्यांचा गोळा, तोही तसाच. रोली म्हणतो की मांजराचं काम असेल. मांजर हाडं मोडून कातडी इस्त्री करून ठेवत नाही.

आवाजही येतो. रोज दहाच्या सुमारास, स्वच्छ उन्हात. दोरीवर गालिचा टाकून झोडपावा तसा. मी बाहेर जाऊन बघितलं. कुणाच्याच दोरीवर गालिचा नव्हता.

शनिवार, २ मे

रोलीचा हात मोडला.

जसं झालं तसं लिहिते. दहा वाजले होते. मी कपडे वाळत घालत होते आणि रोली दोन हात अंतरावर, दाताळ्याने वाफ्यातली माती भुसभुशीत करत होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. एकदम तो फटका ऐकू आला आणि त्याचा उजवा हात कोपराच्या खाली काटकोनात वाकला, जिथे सांधा नाही तिथे. हाड सदऱ्यातून बाहेर आलं. रोली हाताकडे बघत राहिला. मग दुसरा फटका आला, बरगडीवर. सदऱ्याचं कापड आत दबलेलं मला दिसलं, लांबट, काठीएवढं. काठी मात्र नव्हती.

मी त्याच्या अंगावर पडले. मला एकही लागला नाही. तिसरा माझ्या काखेखालून त्यालाच बसला.

रविवार, ३ मे

हॉस्पिटलमध्ये थांबायचं नाव काढायला नको. तिथे तर जास्त. एक्स-रेच्या टेबलावर, तरुण डॉक्टरच्या डोळ्यांदेखत, रोलीची मांडी मोडली. त्या पोराच्या हातातली फिल्म पडली. पुढच्या तासात हासळीचं हाड आणि तीन बोटं. परिचारिका माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी ओळखते. मीच कित्येक बायकांच्या नवऱ्यांकडे तशी बघितलेय. कुणीतरी पोलिसांना फोन करायला गेलं.

रोली म्हणाला, आयव्ही, मला घरी ने. चाकाच्या खुर्चीत घालून मागच्या दाराने त्याला पळवला. क्लोजच्या तोंडातून गाडी आत आली आणि त्याच क्षणी फटके थांबले. तोपर्यंत दर दहा मिनिटांनी एक बसत होता.

म्हणजे ते त्याला घराबाहेर राहू देत नाही. आणि घरात?

मंगळवार, ५ मे

घरात रोज एक. दहा वाजता.

दगड परत जागेवर बसवला. कीबलनी मदत केली. खड्ड्यात दातही परत टाकले. काही उपयोग नाही. आज टाच.

शनिवार, ९ मे

बेरिलबाई आल्या. केक घेऊन! मी त्यांना दारातच धरलं. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. तुम्हाला ठाऊक होतं, मग आम्ही घर बघायला आलो तेव्हाच का नाही सांगितलंत?

त्या गोंधळल्या, गुलाबी झाल्या. म्हणाल्या, “अहो, पण नव्या माणसांना आल्या आल्या असं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?”

खोटं नाही बोलत होत्या. मनापासून म्हणाल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते पटलं. त्यांच्या जागी मीही सांगितलं नसतं. दगडाचा त्रास होत नाही ना, हे विचारणं म्हणजेच त्यांच्या मते सांगणं होतं.

मग बसून त्यांनी सगळं नीट सांगितलं, पाककृती सांगावी तसं. हद्द दगडांच्या अंगावर लिहिलेली असते तोवरच ती हद्द असते. दर वर्षी आठ दगडांवर काठ्या मारल्या की तिचं भागतं. पण दगड हलवला की ती विसरते आणि मग ज्याने हलवला त्याच्या हाडांवर पहिल्यापासून लिहायला घेते. सगळी हाडं होईपर्यंत. ते थांबवायचं तर सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या आत, त्या माणसाला आठही दगडांवर न्यायचं, दगडावर आडवा घालायचा आणि प्रत्येकावर एक काठी मारायची. मारणारा हात घरचाच पाहिजे, परक्याचा ती मोजत नाही. शेवटचा दगड स्वतःचा आणि तिथली काठी कपाळावर.

त्यांच्या यजमानांनी बासष्ट साली दगड हलवला होता, टोमॅटोसाठी काचेचं घर बांधायला. बाईंनी आठ काठ्या मारल्या, एकही हलकी मारली नाही. नवरा सहा वर्षं जगला. म्हणजे जेवायचा, खिडकीत बसायचा. बाईंचं नाव मात्र त्याला परत कधी आठवलं नाही.

आम्ही इंग्रज ना. हिरवळीत दगड दिसला की आम्हाला राहवत नाही.

गुरुवार, १४ मे

आज नोरा कीबल मागच्या दाराने आली. नवरा दुकानात गेला होता. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला, शब्द जबड्यातून घरंगळत येतात. तिनेच दगड हलवला होता, अकरा वर्षांपूर्वी, गुलाबासाठी. डेस्मंडने सात काठ्या बरोबर मारल्या. आठव्या वेळी त्याने तिचं तोंड पाहिलं आणि हात सैल सोडला.

ती म्हणाली, “त्याला माझी दया आली हो. म्हणून बाकीचं तिने मारलं.”

मग माझा हात धरला, मनगटाला, नाडी बघतात तसा. जोरात मारा, म्हणाली. प्रेम असेल तर जोरात मारा.

आता त्याच्या अंगात शाबूत हाडं किती उरलीत ते मी रोज बोटांनी बघते. सणापर्यंत कवटी आणि पाठीचा कणा राहील असा माझा हिशेब आहे. कणा आधी गेला तर सगळं संपलं.

बुधवार, २० मे

रोलीला सांगितलं. वाटलं होतं, रडेल. म्हणाला, तू मला एकदा गरम कढईने मारलं होतंस ना, ते यात धरता येतं का बघ. आम्ही दोघं हसलो. त्याच्या बरगड्यांमुळे हसणं मध्येच थांबवावं लागलं.

मग म्हणाला, हे घर विकायचं नाही. माझं काहीही होवो, तू इथेच राहायचंस. एकतीस वर्षं तुला घर देऊ शकलो नाही. मी त्याला गप्प बसवलं. घर गेलं खड्ड्यात. मला तो पाहिजे. मी कोण आहे हे ठाऊक असलेला तो.

मागच्या अंगणात उशीवर सराव केला. नर्सचा हात आहे, कुठे मारलं म्हणजे काय मोडतं ते मला ठाऊक आहे. मांसल जागा निवडल्यात सात. कपाळाचं हाड समोरून सगळ्यात जाड असतं, मध्यभागी, भुवयांच्या वर दोन बोटं. तिथे सरळ आणि एकदाच. वाचू शकतो. मी म्हणते वाचेल.

सोमवार, २५ मे

आज दुसरी मांडी. कणा अजून आहे. डेस्मंडनी हेझलच्या झाडाची काठी तासून दिली, साल काढलेली, पांढरी. हातात छान बसते.

बुधवार, २७ मे, सकाळी

सगळे आलेत. आठही घरं. बायकांनी सॅंडविच केलीत. कुणीतरी लिंबाच्या सरबताची घागर मांडलीय, वर जाळीचा रुमाल. ऊन छान आहे. सगळे माझ्याशी हवेबद्दल बोलतात.

रोलीला डेस्मंडच्या ढकलगाडीत बसवलंय. त्याने माझ्याकडून टाय बांधून घेतला.

बुधवार, दुपारी साडेअकरा

सात झाले. शेवटच्यासाठी थोडं थांबू देतात, सरबत प्यायला. मी स्वयंपाकघरात आलेय. दार आतून लावलंय.

लिहिते. लिहिलं पाहिजे.

पहिली काठी नितंबावर. कातडी फुटली. तो ओरडला आणि मला उलटी झाली. दुसरी मांडीवर. तिसरीला त्याने दात आवळले. बेरिलबाई प्रत्येक काठीला मान हलवत होत्या, परीक्षेत बाई हलवतात तशी. चौथी खांद्यावर, रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. पाचवी बरोबर. सहावीला माझा हात दुखत नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं.

सातव्या दगडावर मी दोन मारल्या.

एकच मारायची होती. पहिली बसली, बरोबर बसली, सगळ्यांनी श्वास सोडला. आणि हात परत वर गेला. कुणी नेला नाही. मीच नेला. दुसरी त्याच्या पाठीवर मारली. कण्यावर. जो मी इतके दिवस जपला. काहीतरी तुटलेलं मला काठीतून मनगटात कळलं आणि मला — बरं वाटलं. तहान लागलेली असताना पाणी मिळावं तसं.

त्याचे पाय आता हलत नाहीत.

बेरिलबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मग दुसरीकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं. सहा वर्षं तो माणूस खिडकीत बसून असायचा तो नुसत्या आठ काठ्यांनी नाही —

साडेअकरा होऊन गेले

मारली नाही तर ती मारेल. मारली तर मी — मला एकच मारून थांबता येणार नाही. मला माहितेय. माझ्या दंडात अजून मुंग्या आहेत. गोड मुंग्या.

दाराबाहेर नोराला सांगितलं, डेस्मंडला सांग, परक्याचा हात चालत नसला तरी त्यानेच मारावी. ती म्हणते, नाही मोजत ती. नाही मोजत.

रोलीला दाराजवळ आणलंय. त्यानेच सांगितलं असणार. फटीतून बोलतोय. “आयव्ही, ये. बारा वाजायच्या आत. तूच आहेस म्हणून मला भीती नाही वाटत.”

त्याला ओरडून सांगितलं की दूर जा. कुणीतरी त्याला माझ्यापासून दूर न्या. काठी मी बाहेर ठेवून आलेय, अंगणात, दगडाला टेकवून. ती नसताना मी काही करू शकत नाही. दार बंद आहे. मी नुसती बसलेय आणि डाव्या हाताने लिहितेय, कारण उजव्या हातात —

बाहेर ठेवली होती. मी बाहेर ठेव

गाडीतूनच तो खांद्याने दार ढकलतोय. कडी मीच उघडली का? रोली, नको. टायची गाठ सैल झालीय, कपाळावर केस आलेत, मध्यभागी, दोन बोटं वर. एकदाच. मी एकदाच मा